सिएटलचं डेमॉक्रसी व्हाउचर : दोन निवडणुका वापरून पाहिल्यावर

फेब्रुवारी 2023 मध्ये टपालात माझ्या नावाचं पाकीट आलं. आत चार व्हाउचर, प्रत्येकी 25 डॉलरचं. हे शंभर डॉलर स्वतःसाठी खर्चायचे नाहीत. शहराच्या निवडणुकीत आपल्याला पटेल त्या उमेदवाराला प्रचारासाठी द्यायचे. मी मिरजेत 31 वर्षं शाळेत शिकवलं, निवडणुकीच्या ड्युट्या केल्या, मतदानाच्या आदल्या रात्री गल्लीत पाकिटं कशी फिरतात तेही पाहिलं. पाकीट शहराकडून मतदाराच्या घरी येतं आणि त्यानं ते उमेदवाराला द्यायचं, हे मात्र अमेरिकेत सिएटलला मुलाकडे आल्यावरच पाहिलं.

आधी कुणाला मिळतं ते सांगते. मतदारयादीत नाव असेल तर आपोआप घरी येतं. माझ्यासारख्या ग्रीन कार्डवाल्यांनी, म्हणजे नागरिक नसलेल्या कायम रहिवाशांनी, मात्र अर्ज भरायचा. मला इथे मत नाही. पण अमेरिकी कायद्यानं कायम रहिवाशाला प्रचाराला देणगी देता येते, म्हणून व्हाउचर मिळतं. मुलाच्या एच-वन-बी, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावरच्या मित्रांना ते मिळत नाही. इथे मुलांकडे राहणाऱ्या किती मराठी आजी-आजोबांना मी विचारलं, एक-दोघांनाच हे ठाऊक होतं. म्हणून मुद्दाम लिहितेय.

व्हाउचरवर आपलं नाव आणि क्रमांक छापलेला असतो. आपण उमेदवाराचं नाव, तारीख आणि सही एवढंच भरायचं. सही निवडणूक कार्यालयाकडच्या नोंदीतल्या सहीशी ताडून पाहतात. मी जन्मभर मराठीत सही करते, अर्जावरही तशीच केली होती, कुठे अडलं नाही. परतीच्या पाकिटाला तिकीट लावावं लागत नाही. ऑनलाइनही देता येतं, किंवा दारात आलेल्या कार्यकर्त्याच्या हातात.

तिथेच माझी पहिल्या वेळी चूक झाली. मार्चमधली संध्याकाळ, बाहेर पाऊस, दारात एक कॉलेजातली मुलगी ओल्या जॅकेटात उभी. तिला आत घेतलं, चहा केला. तिचा उमेदवार घरभाड्याबद्दल काय करणार हे ती इतक्या तळमळीनं सांगत होती की मी चारही व्हाउचरवर तिथल्या तिथे सही केली. मे महिन्यात वाचनालयातल्या सभेत दुसऱ्या एका उमेदवाराला ऐकलं. आमच्या भागात फूटपाथच नसलेले रस्ते आहेत, काठी घेऊन चालणाऱ्यांनी जायचं कुठून, हे त्या बाईंनी नेमकं मांडलं. त्यांना द्यायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं. एकदा दिलेलं व्हाउचर परत घेता येत नाही.

तेव्हा चारही एकदम देऊ नका. ती वेगवेगळ्या उमेदवारांना देता येतात, आपल्या वॉर्डाबाहेरच्याही. 2025 मध्ये मी दोन महापौरपदाच्या उमेदवाराला दिली, एक कौन्सिलच्या, म्हणजे नगरसेवकपदाच्या, आणि चौथं ऑगस्टची प्राथमिक फेरी (शेवटच्या लढतीचे उमेदवार ठरवणारी) होईपर्यंत कपाटात ठेवलं. देण्याआधी उमेदवार योजनेत आहे का तेही बघा. त्यासाठी आधी लोकांकडून सह्या आणि लहान देणग्या जमवाव्या लागतात, महापौरपदासाठी 600, आणि खर्चाची मर्यादा मान्य करावी लागते. एखाद्याची मर्यादा भरली की आपलं व्हाउचर त्याच्या कामी येत नाही. आणि कुणी कुणाला दिलं हे सार्वजनिक असतं. मत गुप्त, व्हाउचर उघड. शेजाऱ्यांना कळलेलं चालणार नसेल तर विचार करून द्या.

या योजनेच्या आवाक्याबाहेरची एक मोठी गोष्ट आहे. 2010 च्या अमेरिकी सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून कंपन्या आणि गट उमेदवाराच्या हातात पैसे न देता बाहेरून हवा तेवढा प्रचार करू शकतात. 2019 च्या कौन्सिल निवडणुकीत एकट्या अॅमेझॉननं अशा गटाला सुमारे 15 लाख डॉलर दिले. त्या गटाचे बहुतेक उमेदवार हरले हे खरं, पण त्या रकमेपुढे माझे 25 डॉलर किती, हे मनातून जात नाही. एक तारा मी यासाठीच कापते.

बाकी चार तारे मनापासून. 2015 मध्ये मतदारांनीच कौल देऊन ही योजना आणली, पैसा मालमत्ता करातून, सुरुवातीला वर्षाला 30 लाख डॉलर. तेव्हा सरासरी घरामागे वर्षाला बारा डॉलरच्या आत. 2025 च्या ऑगस्टमध्ये लोकांनी ती आणखी दहा वर्षांसाठी चालू ठेवली. पूर्वी उमेदवार पैशासाठी देणगीदारांना फोन लावत बसायचे. आता ज्याच्याकडे द्यायला दमडी नाही अशा भाडेकरूच्या दारातही त्यांना जावंसं वाटतं. माझ्या दारात आले. मला मत नाही हे सांगितल्यावरही थांबले, आणि फूटपाथचं म्हणणं वहीत लिहून घेतलं.

विहीणबाईंना नुकतंच ग्रीन कार्ड मिळालंय. परवा जेवण झाल्यावर टेबलावरच त्यांचा अर्ज भरला. सही कुठल्या भाषेत करू, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, नेहमी करता तशीच करा, पण पुढे प्रत्येक व्हाउचरवर तीच.