पन्नास, चोवीस आणि बुरशी लागलेली एक झूम: स्वस्त लेन्सचे चौदा महिने

मागच्या गणपतीच्या आदल्या आठवड्यात ५० एमएमची लेन्स घरी आली, आणि चतुर्थीच्या दिवशी कळलं की आमच्या माजघरात ती वापरायची तर मागची भिंत पाडावी लागेल.

कॅमेरा कॅननचा १५००डी, डीएसएलआर. सोबत आलेली १८-५५ किट लेन्स दोन वर्षं वापरली. मग जो भेटेल तो सांगायला लागला, ‘पहिली प्राइम पन्नासचीच घे, एफ/१.८, सगळ्यात स्वस्त.’ घेतली. ईएफ ५० एमएम एफ/१.८ एसटीएम, २०१५ साली आलेलं मॉडेल. प्राइम म्हणजे झूम न होणारी लेन्स; एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त, आणि एमएमचा आकडा जितका मोठा तितकी चौकट अरुंद. वजन जेमतेम १६० ग्रॅम, आणि मागची रिंग धातूची (आधीच्या मॉडेलची प्लॅस्टिकची होती). हातात घेतल्यावर छान वाटतं, तक्रार नाही.

गणित मी केलं नव्हतं. आपल्या क्रॉप सेन्सरवर (फिल्मच्या चौकटीएवढ्या फुल फ्रेमपेक्षा लहान) पन्नास म्हणजे फुल फ्रेमच्या ८० एमएमएवढी चौकट. तीन मीटरवर उभं राहिलात तर रुंदीत साधारण १.३ मीटर मावतं. गणपती आला तर माटवी (गणपतीच्या वर टांगलेली फळापानांची चौकट) कापली जाते, माटवी आली तर आरतीला उभे काका कापले जातात. आजीचे फोटो मात्र सुंदर आले. ती एवढंच म्हणाली, ‘इतक्या जवळसून कित्याक काढतंस रे?’ जवळून नव्हतोच, दाराबाहेर पडवीत उभा होतो.

पुढचे दोन महिने ती कपाटात पडून. विकायच्या विचारात होतो, तोवर जत्रा सुरू झाल्या.

जत्रेतला दशावतार, म्हणजे आमचं कोकणातलं लोकनाट्य, रात्री उशिरा सुरू होतो. देवळासमोरच्या मांडवात चार एलईडी दिवे, तेही कुणीतरी वाकडे लावलेले. किट लेन्स ५५ वर नेली की तिचं अ‍ॅपर्चर एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही. आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ६४०० वर ठेवूनही शटर मिळायचं १/१५ सेकंद. त्या वेगात संकासूर (दशावतारातला राक्षस) नाचायला लागला की फोटोत नुसता लाल-काळा धूर. किट लेन्सचं स्टॅबिलायझेशन इथे कामाचं नाही. ते आपल्या हाताची थरथर सावरतं, समोरच्याचा नाच थांबवत नाही. पन्नास लावली, एफ/२ ठेवलं, तर त्याच उजेडात १/१२५. तीन स्टॉपचा फरक (दर स्टॉपला उजेड दुप्पट), म्हणजे आठपट उजेड. राजाच्या भूमिकेतला नट तलवार उपसताना पहिल्यांदा बोटांसकट दिसला. आणि मांडवात मागे सरकायला जागा भरपूर, त्यामुळे जी चौकट माजघरात अडचण होती तीच इथे नेमकी बसली. पहाटे साडेचारला घरी येऊन झोपलोच नाही, फोटोच बघत बसलो.

तीन गोष्टी त्या हंगामात शिकलो. एफ/१.८ वर एक मीटरवरून चेहरा टिपला तर स्पष्ट येणारी खोली जेमतेम अडीच सेंटीमीटर, म्हणजे डोळा स्पष्ट तर कान धूसर. म्हणून मी २.२ ते २.८ वर थांबतो. दुसरं, १५००डीला व्ह्यूफाइंडरमध्ये नऊ फोकस पॉइंट आहेत, पण क्रॉस टाइप (आडव्या-उभ्या दोन्ही रेषा पकडणारा) फक्त मधला. अंधारात तोच वापरा. तिसरं, या लेन्सचा पुढचा भाग फोकस करताना बाहेर येतो आणि कॅमेरा बंद केला तरी तसाच राहतो. बॅगेत कोंबण्याआधी फोकस अनंतावर (सगळ्यात दूरवर) नेऊन आत घ्या, मग बंद करा. बंद असताना रिंग फिरवून काही होत नाही.

आता बुरशीची कथा. थंडीत पक्ष्यांसाठी जुनी टेलिझूम (दूरचं जवळ आणणारी झूम) शोधत होतो. एकाकडे स्वस्तात मिळाली. बाहेरून नवीकोरी, चामड्याची पेटीसुद्धा. मी पेटीवरच भाळलो. घरी आणून पंधरा दिवसांनी उजेडात धरली तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू. आमच्याकडे पावसाळ्यात पापड मऊ व्हायला तास पुरतो, तिथे बंद चामड्याच्या पेटीत काळोखात वर्षानुवर्षं ठेवलेल्या लेन्सचं काय होणार? बुरशी काचेवरचं कोटिंगही खाते, साफ केली तरी डाग राहू शकतात. निम्म्या पैशांवर पाणी सोडलं.

दुसऱ्यांदा टॉर्च घेऊन गेलो. लेन्स कॅमेऱ्यावरून काढायची, मागून टॉर्च मारायचा, पुढून तिरकं बघायचं. धुळीचे चार कण असले तर सोडून द्या, तंतू किंवा ढग दिसला तर लेन्स ठेवून चहा पिऊन निघा. स्क्रूंच्या खाचा झिजलेल्या असतील तर कुणीतरी उघडलेली आहे. मग कॅमेऱ्याला लावून झूमच्या दोन्ही टोकांना फोकस करून बघायचं. अशी तपासून ईएफ-एस ५५-२५० आयएस एसटीएम घेतली, साडेसात हजारांना. ३७५ ग्रॅम, दिवसभर गळ्यात जड होत नाही. खंड्या, वेडा राघू, शेतातले बगळे, मजेत. पण मीटरभर लांबीचा धनेश चाळीस मीटरवर वडावर बसला तर चौकटीच्या चौथ्या हिश्शाहून थोडा मोठा दिसतो. २५० चा आकडा ऐकून जी स्वप्नं पडतात ती थोडी आवरा.

निकॉनवाल्यांसाठी एक. मित्राने डी३५०० साठी जुनी एएफ-डी पन्नास स्वस्तात उचलली. त्या कॅमेऱ्याच्या आत फोकस मोटर नाही आणि एएफ-डी लेन्समध्येही नसते. आता तो हाताने फोकस करतो आणि ‘कला आहे’ म्हणतो. एएफ-एस किंवा एएफ-पी घ्या, त्यांच्यात मोटर असते.

मे महिन्यात भाच्याने जे करून दाखवलं ते मी सगळ्यात आधी करायला हवं होतं. संगणकात सगळे जुने फोटो फोकल लेंग्थप्रमाणे (म्हणजे एमएमच्या आकड्याप्रमाणे) लावले. अर्ध्याहून जास्त १८ ते २८ च्या मध्ये! म्हणजे मी घरातला, देवळातला, ओसरीतला माणूस. मग ईएफ-एस २४ एमएम एफ/२.८ घेतली, १२५ ग्रॅमची चकती. तीन मीटरवर पावणेतीन मीटर रुंदी मावते, आणि १६ सेंटीमीटरपर्यंत जवळ जाता येतं, त्यामुळे मोदकाच्या कळ्यासुद्धा टिपता येतात. यंदा माटवी पूर्ण आली, काकांसकट. आज दहापैकी सात वेळा हीच कॅमेऱ्यावर असते. अंधारात मात्र २.८ आणि १.८ चा फरक जाणवतो. जत्रेला पन्नासच.

फिल्टरचं त्रांगडं आहे: पन्नासला ४९, चोवीसला ५२, झूमला ५८ एमएम. पोलरायझर एकच ५८ चा घेतला आणि लहान लेन्सवर तो बसवायला दोन स्टेप-अप रिंगा. पावसात भातखाचरांवरची चकाकी त्याने छान मरते.

डीएसएलआरच्या लेन्सवर आता पैसे घालावेत का, असं बरेच जण विचारतात. कॅननच्या नव्या आरएफ मिररलेस (आत आरसा नसलेल्या) बॉडीवर या तिन्ही अडॅप्टरने चालतात, आणि लोक डीएसएलआर सोडताहेत म्हणूनच जुन्या लेन्स स्वस्त मिळताहेत. मला तर हे बरंच झालं.

तिन्ही लेन्स आता स्वयंपाकघरातल्या घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत राहतात. निळे दाणे गुलाबी झाले की तापवून पुन्हा वापरायचे. बायकोचा डबा गेला याची नोंद घरात रोज घेतली जाते.

किट लेन्स भाच्याला दिली. कणकवलीत कुणीतरी १०-१८ ची लेन्स विकतोय असं कळलंय. रविवारी जाऊन बघतो, टॉर्चचे सेल बदललेत.