सेकिहान घरी करताय? वाफेवर की राइस कुकरमध्ये?

मूल जन्मलं, शाळेत जाऊ लागलं, कुणाची साठी झाली किंवा १५ नोव्हेंबरला मुलांचं शिची-गो-सान (तीन, पाच आणि सात वर्षांच्या मुलांचा सण) आलं, की जपानी घरांत सेकिहान, म्हणजे लालसर भात, होतो. मोचीगोमे हा चिकट तांदूळ, लाल कडधान्य आणि वर भाजलेले काळे तीळ-मीठ. करण्याच्या रीती दोन. माझं मत आधीच सांगते: घरात मोदकपात्र असेल तर वाफेवरच करा.

मोचीगोमेला पाण्यात शिजवण्याची फारशी गरजच नसते. रात्रभर भिजताना तो शिजण्यापुरतं पाणी पिऊन घेतो, पुढचं काम वाफ करते. कडधान्य उकळून पहिलं तुरट पाणी फेकायचं, नव्या पाण्यात दाणे बोटचेपे पण अख्खे राहतील इतपत शिजवायचे. आता हे लालसर पाणी चहा निववतात तसं पळीने उंचावरून ओतत राहा. हवा लागली की रंग खुलतो. गार झालं की त्यातच तांदूळ भिजवा. सकाळी निथळून, दाणे मिसळून, ओल्या सुती कापडावर पसरा, मध्ये खळगा ठेवा आणि मोठ्या आचेवर चाळीसेक मिनिटं वाफवा. मधे दोनदा त्याच पाण्यात मीठ घालून हबका मारा. हबका चुकवलात तर शितं चिवट राहतात. पण जमला की शीत न् शीत वेगळं, तरी चिकट. शिवाय हा भात गार झाल्यावरही छान लागतो, म्हणून डब्यात द्यायला हाच.

राइस कुकरचं गणित उलटं. इथे मोचीगोमे रात्रभर भिजवायचा नाही, नाहीतर गोळा होतो. नुसता मोचीगोमेही नको: दोन वाट्यांना एक वाटी साधा जपानी तांदूळ घ्या आणि कडधान्याचं पाणी धरून एकूण पावणेतीन ते तीन वाट्या पाणी. बटण दाबलं की संपलं. दोघांपुरता, कामाच्या दिवशी हेच बरं. पोत मात्र मऊ, किंचित ओलसर येतो. पाहुण्यांसमोर ठेवायला मला तो आवडत नाही.

कडधान्य अझुकी (बारीक लाल जपानी कडधान्य) की सासागे, हा वाद जपानातही आहे. अझुकीचं साल शिजताना फुटतं. ते पोट चिरण्यासारखं म्हणून एदोच्या, म्हणजे जुन्या तोक्योच्या, सामुराईंना अशुभ वाटे, असं सांगतात. तोक्योच्या बाजूला आजही सासागे वापरतात. सासागे म्हणजे चवळीच्याच जातीचं कडधान्य, त्यामुळे पुण्यात बसून अझुकी शोधण्यापेक्षा वाण्याकडची लाल चवळी आणा. होक्काइदोत तर साखरेत मुरवलेले दाणे आणि खायचा गुलाबी रंग घालून गोड सेकिहान करतात. तो ज्याचा त्याने ठरवावा.

तांदळाला मात्र तडजोड नाही. आंबेमोहर कितीही आसट शिजवला तरी मोचीगोमे होत नाही, कारण मोचीगोमेच्या स्टार्चमध्ये अमायलोज, म्हणजे भात मोकळा ठेवणारा घटक, जवळपास नसतंच. जपानी दुकान जवळ नसेल तर आसामचा बोरा साउल मिळतो का बघा, तोही चिकट जातीचाच.

उरलेला भात फ्रिजमध्ये ठेवू नका, कडक होतो. गरम असतानाच एकेका वाटीचे भाग गुंडाळून फ्रीझरमध्ये टाका.