धनुष्य की रायफल? नागपुरात दोन्ही वापरून पाहिल्यावर

सुरुवातीलाच सांगतो, या लेखात एकही हरीण मरत नाही. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे शिकारीचा शौक हा विषय संपलेला आहे. कायद्याच्या भाषेत शिकार म्हणजे फक्त मारणं नाही. पकडणं, फास लावणं, हाकून नेणं, आमिष ठेवणं आणि यातलं काही करण्याचा नुसता प्रयत्नसुद्धा शिकारच. अभयारण्यात परवानगीशिवाय हत्यार घेऊन शिरायलाही बंदी आहे. तेव्हा पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या सिल्लारी गेटवरून बाण घेऊन आत जायचं कोणाच्या डोक्यात असेल तर त्याने इथूनच परत फिरावं, राजेहो.

मग हरणाचा विषय आला कुठून? माझ्या मावसभावाकडून. तो बरीच वर्षं अमेरिकेत विस्कॉन्सिनला आहे. तिथे हरणाच्या शिकारीचा रीतसर हंगाम असतो, परवाना मिळतो आणि तो दोन्ही करतो, धनुष्यानेही आणि रायफलनेही. सुट्टीत नागपूरला आला की तर्री-पोह्याच्या प्लेटवर त्याचं एकच पालुपद. बंदुकीत काय ठेवलंय, खरी मजा धनुष्यात. मी हो ला हो करायचो. मग योगायोगाने दोन्ही छंद मलाच लागले, रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं, बिनचाकांचं) धनुष्य आधी आणि 10 मीटरची एअर रायफल थोडी नंतर. कित्येक महिने आलटून पालटून दोन्ही चालवल्यावर दादाचं म्हणणं कुठे पटतं आणि कुठे अजिबात पटत नाही, ते लिहितो. दोन्हीपैकी काय घ्यावं अशा विचारात असणाऱ्यांनाही उपयोग व्हावा.

धनुष्य घ्यायला गेलो तेव्हा डोक्यात कंपाउंड, म्हणजे चाकांचं धनुष्य होतं, नागपूरकर असल्याचा परिणाम. 2023 मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत आपला ओजस देवतळे अंतिम सामन्यात 150 पैकी 150 गुण घेऊन विश्वविजेता झाला, तो कंपाउंडवर. पण शिकवणाऱ्या सरांनी स्पष्ट सांगितलं की आधी साधं रिकर्व्ह, तेही हलकं. म्हणून लाकडी रायझरचं (मधल्या मुठीचं), सुटं होणारं 68 इंची धनुष्य आणि 24 पाउंड ताणाचे लिम्ब, म्हणजे वरच्या-खालच्या वाकणाऱ्या पट्ट्या, घेतले. 24 पाउंड म्हणजे जेमतेम अकरा किलो, ऐकायला काहीच नाही. पहिल्या आठवड्यात पाठीचे असे स्नायू दुखले जे आपल्याला आहेत हेच ठाऊक नव्हतं. कंपाउंडला चाकं असतात आणि पूर्ण ताणल्यावर भार एकदम उतरतो. ही उतरण, म्हणजे लेट-ऑफ, 80 टक्के असेल तर 60 पाउंडाचं धनुष्य 12 पाउंडांवर धरून उभं राहता येतं. रिकर्व्हमध्ये ही सोय नाही. जितकं ताणाल तितकं ओझं वाढतं आणि नेमकं सगळ्यात जास्त ओझं असतानाच शांत राहायचं असतं. याचा थराराशी थेट संबंध आहे, पुढे येतोच त्यावर.

सामानात कंजूषी करू नका अशा दोन गोष्टी, फिंगर टॅब (दोरी ओढणाऱ्या बोटांचं आवरण) आणि आर्मगार्ड (धनुष्य धरणाऱ्या हाताचं). कोपर नीट वळलेलं नसलं की दोरी हाताच्या आतल्या बाजूला सपकन बसते आणि निळा-जांभळा वळ उठतो. घरी आईने पाहिलं की धनुष्याचं भवितव्यच धोक्यात. बाकी स्टॅबिलायझर, क्लिकर वगैरे पहिले काही महिने विसरा. बाण मात्र आपल्या ताणाला आणि हाताच्या लांबीला जुळणारेच घ्या. बाणाचा कडकपणा, म्हणजे स्पाइन, चुकला तर नेम कितीही बरोबर असला तरी बाण सतत एकाच बाजूला जातात आणि माणूस उगाच स्वतःला दोष देत बसतो.

रायफल धनुष्याच्या सगळ्या सेटच्या जवळपास तिप्पट महाग पडली. भारतीय बनावटीची, सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेवर चालणारी, 0.177 बोअरची, म्हणजे नळीचा व्यास 0.177 इंच. या बोअरच्या आणि 20 जूलपेक्षा कमी ताकदीच्या एअर गनला परवाना लागत नाही, पण दुकानात ओळखपत्राची प्रत देऊनच ती हातात मिळाली आणि ते योग्यच आहे. धनुष्याच्या वेळी मला कोणी काही विचारलं नव्हतं. रायफलचा खर्च तिथेच थांबत नाही. पेलेट (शिशाचे छर्रे), सिलिंडर भरणं, कॅनव्हास आणि चामड्याचं जाड जॅकेट, तसलीच पँट, चपट्या तळव्यांचे बूट. ते जॅकेट घालून नागपुरात मे महिन्यात उभं राहणं ही शिक्षा आहे. रेंजवर कूलर असतो, पण जॅकेटच्या आत कूलरची हवा जात नाही. मी उन्हाळाभर सरावानंतर टी-शर्ट अक्षरशः पिळायचो.

आता मुख्य मुद्दा, मजा कशात आहे.

रायफलची मजा बारकाव्याची आहे. 10 मीटरवरच्या टार्गेटचा मधला दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो. तो उभ्याने नेम धरून मारायचा, हातात चार-साडेचार किलोची रायफल, डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवलेलं. पीप साईटमधून, म्हणजे मागच्या बारीक भोकातून, काळं वर्तुळ दिसतं आणि ते कधीच स्थिर नसतं, तरंगत राहतं. स्नायूंनी रायफल दाबून धरली की ते जास्तच हलतं, अंग सैल सोडून हाडांवर तोलली की थांबल्यासारखं वाटतं. ट्रिगर इतका हलका की आपण दाबला हे नंतर कळतं. फट्, आणि झालं. पेलेट सेकंदाला साधारण 170 मीटर वेगाने जातो, म्हणजे 10 मीटर जायला डोळा मिचकावण्याइतकाही वेळ लागत नाही. नेम आणि निकाल यांच्यात काही उरतच नाही. उरतो तो आकडा, 10.3 का 9.8. माझ्यासारख्या हिशेबी माणसाला हे व्यसन लागतं. संध्याकाळी डोक्यात काही नसतं, फक्त दशांश.

धनुष्यात मधलं सगळं दिसतं. माझा बाण 18 मीटर जायला सेकंदाचा तिसरा हिस्सा घेतो. तेवढ्यात त्याची कमान दिसते, शेपटीची थरथर दिसते आणि लागायच्या आतच पोटात कळतं की हा गेला. सत्तर मीटरवाल्यांचे बाण तर सेकंदापेक्षा जास्त वेळ हवेत असतात. ते सोडतात, बघतात आणि मग आवाज येतो. शिवाय आधीचा भाग. हनुवटीखाली हात टेकलेला, दोरी नाकाला लागलेली, पाठ ताणाने भरलेली आणि प्रत्येक सेकंदाला थरथर वाढते आहे. रायफल खाली घेऊन पुन्हा उचलता येते आणि चांगले नेमबाज तसं सर्रास करतात. ताणलेलं धनुष्यही उतरवता येतं, पण अंगात त्यासाठी शक्ती शिल्लक लागते आणि मनाला तर ते अजिबातच नको असतं. सोडायची घाई होते. ती घाई आवरणं हाच सगळा खेळ, आणि दादा ज्याला मजा म्हणतो ती हीच. इथपर्यंत मी त्याच्या बाजूचा आहे. रायफलवर दहा लागला की मी खूश होतो, धनुष्यावर मधल्या पिवळ्यात बाण लागला की मी मोठ्याने ओरडतो. रेंजवर ओरडत नाहीत.

त्याच्या शिकारीत यात आणखी एक गोष्ट मिसळते, अंतर. रायफलवाला हरणाला शंभर-दीडशे मीटरवरून टिपतो. धनुष्यवाल्याला ते वीस-तीस मीटरवर यावं लागतं, म्हणजे तासन्‌तास झाडावरच्या बैठकीत, वाऱ्याची दिशा सांभाळत, थंडीत न हलता. तिथे धनुष्याचा हंगाम सप्टेंबरच्या मध्यापासून लांबलचक चालतो आणि बंदुकीचा मुख्य हंगाम नोव्हेंबरात नऊ दिवसांचा. त्या नऊ दिवसांत सगळे झगझगीत केशरी जाकिटात फिरतात, एकमेकांच्या गोळीपासून वाचायला. हरणाला केशरी आणि हिरव्यातला फरक फारसा कळत नाही, त्याला निळा चांगला दिसतो. जीन्स घालून बसू नये असं दादा सांगतो.

पण ‘धनुष्याने मारणं जास्त मर्दुमकीचं, जास्त न्याय्य’ हे जे तो पुढे जोडतो, तिथे माझं बिनसतं. मला ते माझ्याच बाणांनी शिकवलं. तिथले शिकारी सरावाला नाश्त्याची कागदी प्लेट लावतात, कारण हरणाच्या हृदय-फुप्फुसांची जागा साधारण तेवढीच असते. मीही 18 मीटरवर प्लेट लावली. चांगल्या दिवशी बहुतेक बाण प्लेटमध्ये जातात. बहुतेक. एखादा हमखास वितभर खाली किंवा मागे. टार्गेटवर त्याला आपण हसून सोडून देतो. हरणात तो पोटात गेला असता, आणि पोटात बाण लागलेलं जनावर तासन्‌तास चालत राहतं.

बाण मारतो तो रक्तस्रावाने. चांगला लागला तरी हरीण धावतं, शिकारी अर्धा तास तरी जागेवर थांबतो आणि मग रक्ताचे थेंब शोधत निघतो. शिवाय आवाज. दोरीचा टणत्कार ध्वनीच्या वेगाने जातो, बाण त्यापेक्षा कितीतरी हळू. चांगल्या कंपाउंडचा बाणही सेकंदाला नव्वद मीटरच्या आसपास. म्हणजे हरणाला आधी ऐकू येतं. ते दचकून उडी घ्यायला पाय दुमडतं, पाठ खाली जाते आणि बाण ठरल्या जागेच्या वर लागतो. शिकारी रायफलची गोळी आवाजाच्या दुपटीहून वेगाने येते. जागेवर लागली तर हरणाला आवाज ऐकायलाच मिळत नाही. तेव्हा कौशल्य कोणाचं जास्त, तर धनुष्यवाल्याचं, मान्य. पण त्या वाढीव थराराची किंमत जंगलात हरीण मोजतं, आणि त्याला कोणी विचारलेलं नसतं. दादाला हे फोनवर म्हटलं तर म्हणतो, ‘तू आधी ये इथे, मग बोल.’ बरं बावा.

असो, पुन्हा नागपूरवर. इथली हवा दोघांनाही सोसत नाही, पण धनुष्याला जास्त. लिम्ब हे चिकटवलेल्या थरांचे असतात. मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत धनुष्य ठेवणं म्हणजे ते थर सुटायला आमंत्रण. मी ऑफिसला जातानाही ते वर घेऊन जातो, लोक काय म्हणायचं ते म्हणोत. डॅक्रॉनची दोरी ताणली जाते, म्हणून ब्रेस हाइट (मूठ आणि दोरीतलं अंतर) दर वेळी पट्टीने मोजायची, दोरी कोरडी वाटली की मेण लावायचं. पावसाळ्यात पिसांचे बाण ओले होऊन लुळे पडतात, प्लास्टिकच्या व्हेन्स घ्या. उन्हाळ्यात मैदानावर सहाच्या आधी पोचा. नऊनंतर गरम वारा सुटतो आणि ऊनही माणसाला उभं राहू देत नाही. रायफलला वारा नाही, पाऊस नाही, छताखालचं काम. देखभाल म्हणजे सील, नळी पुसणं आणि सिलिंडरची मुदत पाहणं.

घरच्या सरावात मात्र रायफल निर्विवाद पुढे आहे. भिंतीवर ठिपका काढा, पेलेट न भरता ड्राय फायर करा. ज्या रायफलला ती सोय आहे तिच्यावर अर्धी मेहनत अशीच होते, शेजाऱ्यांना पत्ताही लागत नाही. धनुष्य बाणाशिवाय सोडलं तर सगळी ताकद लिम्बमध्येच फिरते आणि ते तुटू शकतं. घरी पाहुणे आले की कोणीतरी हमखास ‘बघू बे, कसं असते’ म्हणत दोरी ओढतो. ओढू द्या, पण सोडू देऊ नका, शेवटपर्यंत हात धरून ठेवा. धनुष्याऐवजी रबरी पट्टा ओढून सराव होतो, पण त्यात जीव रमत नाही.

मुलांसाठी विचाराल तर नऊ-दहा वर्षांच्या पोराला हलकं धनुष्य आनंदाने द्या. रायफलचं वजन आणि शिस्त थोडी नंतर झेपते. पाठीचा किंवा खांद्याचा जुना त्रास असेल तर दोन्हीच्या आधी डॉक्टरांना दाखवा, कारण रायफलमध्ये कमरेवर एकाच बाजूने भार येतो आणि धनुष्यात खांद्यावर. आकडा सुधारताना बघायला आवडत असेल, घरात जागा कमी असेल आणि खिशात पैसे असतील तर रायफल. उघड्यावर उभं राहायला, हाताला फोड आलेले चालायला आणि प्रगती मुंगीच्या पावलाने झालेली सोसायला तयार असाल तर धनुष्य.

माझ्यापुरतं म्हणाल तर एक विकायची वेळ आली तर रायफल जाईल, वाईट वाटेल पण जाईल. दिवाळीनंतर 28 पाउंडाचे लिम्ब घ्यायचा विचार आहे, रायझर तोच राहील. सर म्हणतात अजून थांब, आधी प्लेटमधून बाहेर जाणारे बाण आत आण.