आठ महिन्यांच्या वापरानंतर : मुलाखती उत्तम, पण शांतता कापू नका

लेखक आणि अभ्यासकांच्या दीर्घ मुलाखती ऐकण्यासाठी मी या ॲपची वार्षिक वर्गणी १,२०० रुपये भरली, त्याला आता आठ महिने झाले. डाउनलोडची मर्यादा आणि अधूनमधून बंद पडणे सर्वांच्या परिचयाचे आहे, म्हणून ते बाजूला ठेवतो. मला एकाच सोयीविषयी लिहायचे आहे : बोलण्यातली शांतता आपोआप कापण्याची सोय.

मार्च महिन्यात मी या ॲपला दोनच तारे दिले होते. ओळख, जात, भाषा, माणसांचे वागणे अशा अवघड विषयांवर पाहुणे पाठ केल्यासारखी तयार उत्तरे देतात, अशी माझी तक्रार होती. ती मी आज मागे घेतो.

जूनमध्ये जुना फोन निकामी झाल्यावर नव्या फोनवर मी एक ऐकलेलीच मुलाखत पुन्हा लावली. तीत एक समाजमानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांच्या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांविषयी सांगत होत्या. ब्रिस्टलमधील १४-१५ वर्षांच्या शाळकरी मुलांना क्ले आणि कँडिन्स्की या चित्रकारांपैकी कोणाची चित्रे आवडतात ते विचारले आणि त्यानुसार तुमचे गट पाडले आहेत, असे सांगितले. प्रत्यक्षात वाटणी कशीही केली होती. तरीही पैसे वाटताना मुलांनी आपल्या गटाला झुकते माप दिले, इतकेच नव्हे, तर दुसऱ्या गटाशी अंतर राखण्यासाठी आपल्याच गटाला कमी पैसे मिळणेही अनेकांनी पत्करले. यावर मुलाखतकाराने विचारले, ‘‘तुम्ही स्वतः त्या मुलांच्या जागी असतात तर?’’ आणि आवाज बंद झाला. नवा फोनही बिघडला असे वाटून मी तो हातात घेतला, तोच एक श्वास ऐकू आला आणि बाई म्हणाल्या, ‘‘मीही तेच केले असते.’’ जुन्या फोनवर मधली शांतता कापली गेल्याने हेच वाक्य प्रश्नाला चिकटून आले होते आणि मला ते उद्धट वाटले होते.

दहा भाषांतील संभाषणांचा २००९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की, प्रश्न आणि उत्तर यांच्यात साधारणपणे सेकंदाच्या पाचव्या हिश्शाइतकेच अंतर असते. इतक्या वेगाच्या व्यवहारात कोणी पाच-सहा सेकंद गप्प राहत असेल, तर त्या गप्प राहण्याला अर्थ आहे, आणि ॲप नेमका तोच कापून टाकते.

हे मला सोलापुरात राहून कळायला हवे होते. मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेबनीस आहे. शहराच्या पूर्व भागातील माझ्या एका सहकाऱ्याच्या घरी तेलुगू बोलतात, त्यांचे शिक्षण मराठीत झाले आणि त्यांची सून अक्कलकोटकडची कन्नड भाषिक आहे. नातीच्या शाळाप्रवेशाचा अर्ज त्यांनी माझ्या टेबलावर भरला, तेव्हा ‘मातृभाषा’ या रकान्यावर त्यांचे पेन थांबले. पलीकडे मागांची खडखड चालू होती, शाईचा ठिपका कागदावर पसरत होता आणि ते माझ्याकडे न पाहता बसून होते. शेवटी त्यांनी ‘तेलुगू’ लिहिले. अर्ज वाचणाऱ्याला तो एकच शब्द दिसणार. मी मात्र त्याआधीचे थांबणेही पाहिले आहे.

ग्राहक सेवेला मी तीन वेळा लिहिले. ‘या सोयीमुळे आपला वेळ वाचतो’ असे उत्तर तिन्ही वेळा आले. मी वेळ वाचवण्यासाठी नव्हे, ऐकण्यासाठी पैसे भरले आहेत. शिवाय सेटिंगमध्ये जाऊन बंद केलेली ही सोय प्रत्येक अपडेटनंतर पुन्हा चालू होते, हे तर मुळीच क्षम्य नाही.

मुलाखतींची निवड आणि प्रश्नांची तयारी पाहता आता चार तारे देतो. पाचवा या सोयीमुळे राखून ठेवला आहे. माझी मुदत चार महिन्यांनी संपते. ही सोय मुळातच बंद ठेवली, तर मी पुन्हा पैसे भरीन. तोपर्यंत प्रत्येक मुलाखत लावण्यापूर्वी सेटिंग तपासतो आणि मार्चपूर्वी ऐकलेल्या एकोणीस मुलाखती पहिल्यापासून ऐकतो आहे.