गणित पेटी, तुराट्या की आनंदनगरी? दोन शिक्षकी शाळेनं काय निवडावं

पहिली ते चौथी, दोन शिक्षक, पट तीस-पस्तीस. मराठवाड्यात वाड्या-तांड्यांवरच्या कितीतरी जिल्हा परिषद शाळा या मापाच्या आहेत. कृतीतून शिकवावं की नाही, हा वाद आता संपलाय. शिक्षण हक्क कायद्याच्या २९ व्या कलमातच कृती आणि शोध यांतून शिकण्याची भाषा आहे, आणि केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानानं तिसरीपर्यंतच्या वाचन-गणितासाठी २०२६-२७ ची मुदत घालून दिली आहे. अडतं ते पुढं. कुठली कृती, कुणाच्या पैशानं आणि कुठल्या तासाला?

पैशाचं आधी सांगतो. समग्र शिक्षा या सरकारी योजनेच्या निकषात ३० पर्यंत पटाच्या शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान १०,००० रुपये आणि ३१ ते १०० पटाला २५,०००. त्यातूनच खडू, झाडू, वीजबिल, नळाची तोटी. साहित्याला जे उरतं त्यात सगळं येत नाही, म्हणून निवड करावीच लागते.

निवडताना मी दोन गोष्टी बघतो. एका वेळी किती लेकरांचे हात वस्तूला लागतात? आणि जोडीदार शिक्षक केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, बैठकीला गेलेत, चारही वर्ग एका खोलीत बसलेत, अशा एखाद्या साध्या मंगळवारी ती कृती होते का? या दोन प्रश्नांपुढं भल्याभल्या देखण्या साहित्याचा टिकाव लागत नाही.

पेटी आणि तुराट्या

तयार गणित पेटीत माल चांगला असतो. दशकाच्या दांड्या, शतकाच्या पाट्या, अपूर्णांकाच्या चकत्या, घड्याळ, घन, शंकू. सगळं एका मापाचं, त्यामुळे शंभर म्हणजे दहाच्या दहापट हे डोळ्याला दिसतं. पण पेटी एक आणि लेकरं बारा. मग शिक्षक दांडी उचलून दाखवतात, एखादा हुशार पोरगा हात लावतो, बाकीचे बघतात. शिवाय पेटीची नोंद डेडस्टॉकला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत असते. दोन ठोकळे हरवले तर चार्ज देताना कोण उत्तर देणार, या धास्तीनं ती कपाटात जाते आणि तपासणीच्या दिवशी बाहेर येते. शिक्षकांना यात दोष देणं सोपं आहे, पण नोंदवही तशीच आहे.

तुराट्यांना, म्हणजे तुरीच्या वाळलेल्या काड्यांना, डेडस्टॉक नाही. तूर झोडपल्यावर बांधावर ढीग पडलेला असतो. छाटणीच्या कातरीनं वीतभर लांबीचे तुकडे करून घ्यायचे, टोकं फरशीवर घासून बोथट करायची, आणि प्रत्येक लेकराकडं शंभर. दहाचा गठ्ठा बांधायला रबरबँड घेऊ नका. एका उन्हाळ्यात ते चिकट होऊन तुटतात. पंक्चरवाल्याकडून जुनी सायकल ट्यूब आणा आणि तिची आडवी कापून कडी करा, वर्षानुवर्षं चालतात.

आता पेटीत जे होत नाही ते सांगतो. ३२ मधून १७ काढायचे. लेकरापुढं तीन गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या. सात द्यायच्या तर आहेत दोनच. ते थांबतं, शेजाऱ्याकडं बघतं, मग विचारतं, "गुर्जी, गठ्ठा सोडू का?" त्या प्रश्नाच्या आधी तुम्ही काही बोलला नाहीत, तर हातच्याची वजाबाकी त्याची त्यानंच शोधली. कडं निघतं, दहा काड्या सांडतात, बारातल्या सात जातात, मग एक गठ्ठा जातो. उरतात एक गठ्ठा आणि पाच. प्लॅस्टिकची दशकाची दांडी मोडत नाही. ती देऊन बदल्यात दहा सुटे घ्यावे लागतात. हा अदलाबदलीचा व्यवहार समजायला एक पायरी जास्त लागते, म्हणून पेटी वाईट नाही, तिचा नंबर नंतरचा आहे. क्रम मी असा लावतो: आधी सुटणारा गठ्ठा, मग न सुटणारी दांडी, आणि शेवटी नाणी-नोटा, कारण दहाची नोट रुपयाच्या नाण्याच्या दहापट मोठी दिसतही नाही. पैशापासून सुरुवात करणाऱ्यांची लेकरं दुकानात हुशार आणि वहीत गोंधळलेली असतात, ती इथंच.

मराठी शाळेत गठ्ठ्यांचं आणखी एक काम असतं. आपण बोलताना सत्तावन्नमधला सात आधी म्हणतो आणि लिहिताना नंतर. ५७ आणि ७५ ची अदलाबदल त्यातून होते. २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन दिलं तेव्हा केवढं वादळ उठलं होतं! वाचन कसंही करा, लेकराच्या हातात पाच गठ्ठे आणि सात काड्या असतील तर चूक त्याची त्यालाच दिसते. पाच गठ्ठे उचलायला हात पुरत नाहीत, सात उचलायला तर मुळीच नाही.

चिंचोके काड्यांपेक्षा स्वस्त, पण मोजायला उजवे नाहीत, कारण त्यांचे गठ्ठे होत नाहीत. त्यांचा उपयोग वेगळा. चिंचोका फोडून अर्ध्या करा, एक बाजू काळी, एक पांढरी. अशा दहा अर्ध्या जमिनीवर टाकायच्या आणि काळ्या किती, पांढऱ्या किती ते सांगायचं. सहा-चार, सात-तीन, नऊ-एक. दहाच्या जोड्या पाठ करून घ्याव्या लागत नाहीत, पोरं जेवणाच्या सुट्टीतही खेळतात. चिंचोके भाजून ठेवा, नाहीतर पावसाळ्यात भुंगा लागतो. पहिलीच्या लेकरांवर मात्र नजर हवी, नाकात घालणारं एक तरी निघतंच.

पेटी घ्यायचीच असेल तर अपूर्णांक, घड्याळ आणि घनाकृती यांच्यासाठी घ्या. काड्यांनी ते जमत नाही. अपूर्णांकाची पहिली ओळख मात्र तिथंही कागदाच्या घडीनं द्या. अर्धी आणि चतकोर भाकरी लेकरं घरून शिकून आलेली असतात.

रंगवलेली फरशी

२०१५ नंतर 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या राज्याच्या कार्यक्रमाच्या काळात साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडच्या शाळा) शाळांचं बघून राज्यभर फरश्या रंगल्या. मूळ कल्पना चांगली होती, लेकरं जमिनीवर बसून स्वतः मांडामांड करतील. आपल्याकडं बऱ्याच ठिकाणी फक्त रंग आला. एक ते शंभरचा तक्ता आणि लांब संख्यारेषा, एवढंच ऑइलपेंटनं करून घ्या. बाकी खडूनं काढलेलं बरं, पुसता येतं आणि दुसऱ्या दिवशी दुसरं काढता येतं.

आनंदनगरी आणि वर्गातलं दुकान

आनंदनगरी म्हणजे लेकरांनी खाऊचे स्टॉल लावायचा शाळेतला मेळावा. तिच्यावर माझं मत थोडं कडू आहे, सांभाळून घ्या. स्टॉल लागतात, भजी, वडापाव, भेळ, पालक येतात, सरपंच फीत कापतात, फोटो ग्रुपवर जातात. शाळेशी गावाचं नातं जुळतं, हे खरं आणि मोलाचं आहे. पण व्यवहार शिकतं कोण? भजी आई तळते, गल्ल्यावर मोठा भाऊ बसतो, आणि लेकरू टोपी घालून उभं असतं. भांडवल किती लागलं, नफा किती झाला, हे दुसऱ्या दिवशी वहीत उतरलं नाही तर ती जत्रा झाली, पाठ नव्हे.

दुसरी अडचण खास आपली आहे. हे मेळावे बहुधा डिसेंबर-जानेवारीत होतात, आणि बीड, धाराशिव, जालन्याच्या ऊसतोड पट्ट्यातली लेकरं दिवाळी झाली की आईबापाबरोबर फडावर गेलेली असतात. हंगामी वसतिगृहामुळं काही मागं राहतात, सगळी नाही. ज्यांना हिशेबाची सगळ्यात जास्त गरज, ती वर्षाच्या मोठ्या कार्यक्रमाला नसतातच. मार्च-एप्रिलमध्ये परत येतात तेव्हा आनंदनगरीची फक्त गोष्ट ऐकायला मिळते.

वर्गातलं दुकान रोजचं असतं, म्हणून परत आलेलं लेकरू त्याच दिवशी गिऱ्हाईक होतं. एका कोपऱ्यात बाक आडवा टाका. बिस्किटांचे, चहाचे, साबणाचे रिकामे पुडे घरून मागवा, त्यांवर किंमत आणि वजन छापलेलं असतंच. चौथीची पोरं दुकानदार, दुसरीची गिऱ्हाईक, आणि तुम्ही तेवढ्या वेळात पहिली-तिसरीकडं बघायला मोकळे. बहुवर्गात हा फायदा पेटी देत नाही. तागडी डब्याच्या दोन झाकणांची करा. वजनं नसली तरी अडत नाही. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो भरतं, तेव्हा अर्ध्या लिटरच्या बाटलीत पाणी भरलं की अर्धा किलोच्या जवळ जातं, बाटलीचं थोडं वजन वर. ते थोडं किती, यावर तासभर भांडण झालं तर होऊ द्या.

गावात आठवडी बाजार असेल तर महिन्यातून एकदा तिसरी-चौथी तिकडं न्या. एकच भाजी तीन ठिकाणी काय भावानं आहे, पावशेराला किती, किलोला किती, एवढंच लिहून आणायचं. २०२४ पासून शनिवारी उपक्रमांसाठीचा 'आनंददायी शनिवार' आहेच, त्या खात्यात बसतं.

दोन्हींत निवडायचं झालं तर दुकान. आनंदनगरी करावीच लागत असेल, तर आधी महिनाभर दुकान चालवा आणि स्टॉलवर मोठ्यांना बसू देऊ नका.

परसबाग आणि उगवण

परसबागेचं कौतुक खूप होतं, स्पर्धाही असतात. पोषण आहारात आपली मेथी पडली की लेकरांना भारी वाटतं. पण मराठवाड्यात बागेचा विचार करायचा तो पाण्यापासून. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, त्या भागात शाळेची बाग कशावर जगणार? जूनमध्ये लावलं तर साधारण फेब्रुवारीपर्यंत निभतं. दिवाळीच्या सुट्टीत पाणी कोण घालणार हे आधी ठरवा, शक्यतो शाळेशेजारच्या घराशी बोलून. आणि कुदळ मारण्याचं काम मोठ्या चार पोरांवर पडतं, बाकीची झारी धरून फोटोत येतात. हात किती लागतात हा प्रश्न इथंही लावून बघा.

ज्या शाळेला बोअर आहे, कुंपण आहे, तिनं बाग जरूर करावी. नसेल तर बीज उगवणीची चाचणी करा. कुठलीही विज्ञानपेटी आमच्या भागात याच्यापुढं मला फिकी वाटते. सोयाबीनचं घरचं बियाणं पेरण्याआधी शेतकरी हेच करतो: ओल्या गोणपाटावर शंभर दाणे, दहा-दहाच्या दहा ओळी, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, ओल टिकवायची, चार-पाच दिवसांनी उघडून मोजायचं. सोयाबीनला किमान ७० टक्के उगवण लागते. एप्रिलमध्ये चौथीच्या लेकरांनी आपापल्या घरचं बी आणलं, की ओळी मोजण्यात दहाचे गठ्ठे परत येतात, शंभरातले किती हे टक्केवारीचं पहिलं पाऊल पडतं, आणि निकाल घरी जाऊन सांगायला कारण मिळतं. एखाद्याचं बी ५५ भरलं तर बाप दुसऱ्या दिवशी शाळेत विचारायला येतो. पालकसभेला न येणारा माणूस असा येतो.

धीर कमी असलेल्या पहिली-दुसरीसाठी मूग किंवा हरभरा. काचेच्या ग्लासात ओला कागद आणि काचेला चिकटवून दाणे. दोन-तीन दिवसांत मूळ दिसतं. एक ग्लास कोरडा ठेवा आणि एक पाण्यात बुडालेला. बुडालेल्याचं काय होतं ते लेकरांना सांगू नका, बघू द्या.

हाताला येणारं बाकीचं

मातीकाम पोळ्याला कराच, पण नुसती काळी माती घेतलीत तर बैल वाळताना तडकतात. ही माती आकसतेच फार. कुंभाराची माती मिसळा किंवा थोडी राख. भूमितीसाठी टाकाऊतून विज्ञान-खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांनी रुळवलेली काडेपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब ही जोडी उत्तम आहे. ट्यूब मिळाली नाही तर ज्वारीचं धांड सोला. आतल्या मऊ भेंडाचे तुकडे सांध्याला आणि चोयांचे, म्हणजे वरच्या कडक सालीचे, तुकडे बाजूंना. चौकोन दाबला की लवतो, त्रिकोण लवत नाही, आणि मग छपराच्या कैच्या तिकोनी का असतात हे पोरंच बोलू लागतात. चोय बोटाला कापते, सोलायचं काम स्वतःकडं ठेवा.

आता खरेदीचं. माझ्यापुढं दहा हजारांतले दोन-तीन हजार साहित्याला उरले, तर पहिल्यांदा खरी तागडी-वजनं, मोजपात्रं आणि चार-पाच मोजपट्ट्या घेईन, कारण त्या गावात फुकट मिळत नाहीत. मग अपूर्णांकाच्या चकत्यांचे दोन संच. पेटी केंद्रातल्या दुसऱ्या शाळेकडं असेल तर आठ दिवस मागून आणावी, केंद्रातल्या शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत तेवढी देवाणघेवाण जमते. तुराट्यांचं मात्र शालेय व्यवस्थापन समितीतल्या एखाद्या शेतकऱ्याला जानेवारीतच सांगून ठेवा. शाळा उघडेपर्यंत त्या चुलीत गेलेल्या असतात.