वर्षभर बाहेर राहून नोकरी इथलीच: थायलंड की मलेशिया?

दोन्ही देशांत आपल्याला पर्यटक म्हणून सहज जाता येतं, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. पर्यटक म्हणून मिळालेल्या शिक्क्यावर महिनोन्‌महिने ऑफिसचं काम करणारे बरेच आहेत. माझं स्पष्ट मत आहे, तसं करू नका. दोन्हीकडे आता रीतसर वाट आहे.

थायलंडचा डीटीव्ही (डेस्टिनेशन थायलंड व्हिसा) जुलै 2024 मध्ये सुरू झाला, तो तिथे राहून परदेशी कंपनीचं काम करणाऱ्यांनाही मिळतो. मुदत 5 वर्षांची, एका प्रवेशावर 180 दिवस राहता येतं आणि तिथल्या इमिग्रेशन ऑफिसात एकदा मुदतवाढ मागता येते. मूळ फी 10,000 बाथ. खात्यात 5 लाख बाथ, म्हणजे साधारण 14-15 लाख रुपये दाखवावे लागतात. मलेशियाचा अशाच लोकांसाठीचा डीई रांताऊ पास ऑक्टोबर 2022 पासून आहे. (मलय भाषेत ‘रांताऊ’ म्हणजे घरापासून दूरचा परमुलूख.) तो 3 ते 12 महिन्यांचा असतो, पुढे आणखी 12 महिने वाढू शकतो. आयटीतल्या माणसाला वर्षाला 24,000 डॉलर उत्पन्न लागतं, बाकीच्यांना 60,000.

थोडक्यात, थायलंड शिल्लक विचारतं आणि मलेशिया कमाई. पुण्यात तेवीस-चोवीस लाखांच्या पॅकेजवर असलेला डेव्हलपर मलेशियाच्या अटीत जेमतेम बसतो. रुपया घसरला की तोही काठावर येतो. अनुवादक किंवा अकाउंटंट असाल तर 60,000 डॉलरचा आकडा बहुतेकांना झेपणारा नाही. अशांनी साठवलेले पैसे असतील तर थायलंडच पाहावं.

खरा विचार कराचा करायला हवा, आणि तोच सगळ्यात शेवटी केला जातो. आपलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, त्या दोघांचं जानेवारी ते डिसेंबर. त्यामुळे दिवस दोन वेगळ्या वह्यांत मोजा. आर्थिक वर्षात 182 किंवा जास्त दिवस भारतात राहिलात तर तुम्ही इथले रहिवासी, आणि जगभरच्या उत्पन्नावर इथे कर. थायलंडमध्ये कॅलेंडर वर्षात 180 दिवस झाले की तिथले करदाते. 1 जानेवारी 2024 पासून बाहेर कमावून थायलंडमध्ये आणलेल्या पैशावरही तिथे कर लागतो. मलेशियात तर उलटा पेच आहे. तिथे बसून केलेल्या कामाचा पगार, भारतातल्या खात्यात जमा झाला तरी, तिथलं उत्पन्न ठरू शकतो. 182 दिवसांच्या आत राहणारा अनिवासी, आणि अनिवासीला सरसकट 30 टक्के दर. दुहेरी करआकारणी टाळण्याचा भारताचा करार दोघांशीही आहे, त्यात कमी दिवस राहणाऱ्या पगारदाराला अटींवर सूट मिळते. फ्रीलान्सरचं गणित वेगळं. सीएची फी इथे वाचवू नका.

रोजच्या जगण्यात मला क्वालालंपूर उजवं वाटतं. इंग्रजी सर्रास चालतं, ब्रिकफील्ड्‌स या भारतीय वस्तीत शाकाहारी जेवण मिळतं, लहान मूल घेऊन जाणाऱ्याला हे दोन मुद्दे पुरेत. पण घड्याळ तिथे अडीच तास पुढे आहे. अमेरिकन क्लायंटचा आपला रात्री नऊचा कॉल तिथे साडेअकराला येतो. बँकॉक दीडच तास पुढे. उत्तर थायलंडमधलं चियांग माई स्वस्त आणि सुंदर, मात्र फेब्रुवारी ते एप्रिल शेतं आणि रान जाळल्याचा धूर शहरावर बसतो. दम्याचा त्रास असेल तर ते महिने टाळाच. थायलंडमध्ये घरमालकाने तुमच्या येण्याची खबर 24 तासांत इमिग्रेशनला द्यायची असते, आणि सलग राहिलात तर दर 90 दिवसांनी तुम्ही पत्ता कळवायचा. घर ठरवतानाच मालकाला हे विचारा.

आई-वडील इथे आहेत, दर तीन-चार महिन्यांनी यावंच लागतं, अशांना डीटीव्ही सोयीचा, कारण पाच वर्षं ये-जा चालू राहते. बायको-मुलांसह एकदाच वर्षभर बस्तान बसवायचं असेल तर मलेशिया.

माझं स्वतःचं जाणं पाच महिने लांबलं ते व्हिसामुळे नाही. ‘परदेशात राहून काम करण्यास आमची हरकत नाही’ एवढं एक वाक्य कंपनीच्या लेटरहेडवर मिळत नव्हतं. कायदेशीर विभागाला भीती, माझ्यामुळे कंपनीवर तिथे कर बसेल. त्यामुळे तिकिटं बघण्याआधी एचआरला लेखी विचारा, आणि देशाचं नाव व तारखा पत्रात येतील असं पाहा.