बेसिक फायरफायटर कोर्सचा रिव्ह्यू: बीए (श्वासाचा सेट) भारी, हॉट फायर त्याहून भारी, ग्लोव्हज मात्र बेकार

कोर्स संपला, सर्टिफिकेट हातात आलं, आता मोकळेपणाने लिहिते. सेंटरचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण खाली तक्रारीपण आहेत, आणि तसंही तुम्ही जाल ते सेंटर दुसरंच असेल. फी भरायच्या आधी काय बघायचं, काय विचारायचं ते कळावं म्हणून हा सगळा प्रपंच. माझ्याकडून पाचपैकी चार स्टार.

सगळ्यात आवडलेली गोष्ट आधी सांगते. हे लोक थांबवतात. म्हणजे मास्क नीट बसला नाही, थांब. बीपी जास्त आलं, आज आत नाही. वारा फिरला, आग पेटवायची नाही. सुरुवातीला वैताग येतो, पोरं तर तोंडावर कुरकुरायची, पण नंतर लक्षात आलं की पैसे याचेच घेतायत हे लोक.

थिअरीबद्दल फार लिहीत नाही. स्लाइड जुन्या, फॅनचा आवाज मोठा, जेवणानंतरच्या लेक्चरला अर्धा वर्ग पेंगतो. अपवाद एकच, धूर वाचायचं, म्हणजे धूर बघून आगीचा अंदाज घ्यायचं लेक्चर. जुन्या पद्धतीच्या लाकूड-कापसाच्या फर्निचरची खोली आणि आजच्या फोम-प्लास्टिकच्या फर्निचरची खोली, दोन्ही शेजारी शेजारी पेटवून घेतलेल्या टेस्टचा व्हिडिओ दाखवला. आजची खोली पाच मिनिटांच्या आत फ्लॅशओव्हरला गेली, जुनीला जवळपास अर्धा तास लागला. फ्लॅशओव्हर म्हणजे छताखालचा गरम थर साधारण ६०० डिग्रीला पोचतो आणि खोलीतली प्रत्येक वस्तू एकदमच पेट घेते. आणि आपला एवढा जाडजूड सूट त्यात किती वेळ टिकतो माहितीये? अमेरिकन स्टँडर्डमध्ये कापडाच्या तिन्ही थरांची मिळून जी टेस्ट असते तिचा किमान आकडा ३५ आहे, तो निम्मा केला की फ्लॅशओव्हरसारख्या उष्णतेत भाजेपर्यंत साडेसतरा सेकंद मिळतात. बस. सूट घातला की आपण आगीत फिरू शकतो असं ज्यांना वाटत होतं ते सगळे गप्प झाले. त्यात मास्कची काच पॉलिकार्बोनेटची, ती सूटच्याही आधी मऊ पडायला लागते.

आता बीए, म्हणजे ब्रीदिंग अपरेटस, पाठीवर हवेचा सिलिंडर आणि तोंडावर मास्क असलेला सेट. यावर जरा लांबण लावणार आहे, कारण कोर्सचा जीव इथेच आहे.

पहिलं काम फिट टेस्ट. मास्क चेहऱ्यावर हवाबंद बसतो का ते मशीनवर तपासतात. दाढीवाल्यांची इथे वाट लागते. एकाने विचारलं, सर ट्रिम केली तर चालेल का, सर म्हणाले मला काय विचारतोस, मास्कला विचार. सीलच्या रेषेत केस आले की लीक होणारच, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सगळे गुळगुळीत. माझा मीडियम मास्क लीक झाला, स्मॉल लागला, आणि स्मॉल मास्क सेंटरमध्ये मोजकेच, त्यामुळे दरवेळी माझा नंबर येईपर्यंत ताटकळत बसायचं. बायकांच्या, बारीक चणीच्या पोरांच्या मापाचं सामान ठेवा हो थोडं जास्त, अजून काय सांगू. चार स्टार त्यामुळेच. ग्लोव्हजचं तर विचारूच नका, बोटांची टोकं एवढी रिकामी की रेडिओचं बटण दाबायचं तर दुसऱ्या हाताची मदत लागायची, आणि गाठ मारायची असेल तर ग्लोव्हज काढायचा मोह होतो, आणि काढलेले दिसले की शिक्षा. शिक्षा बरोबरच आहे, पण मग मापाचे द्या ना.

बरं, हवेचा हिशोब. हा त्यांनी असा शिकवला की झोपेत विचारलं तरी सांगेन. ६.८ लिटरचा सिलिंडर ३०० बार प्रेशरला भरला की कागदावर साधारण दोन हजार लिटर हवा. मिनिटाला ४० लिटर धरले तर ५० मिनिटं. पण जिने चढताना, होज (पाण्याचा पाइप) ओढताना, घाबरल्यावर कोण ४० लिटरने श्वास घेतो? ८० वर गेलात की २५ मिनिटं. हवा संपत आल्याची व्हिसल युरोपियन सेटमध्ये साधारण ५५ बारला वाजते, म्हणजे तेव्हा उरतात पावणेचारशे लिटर, त्याच ८० च्या हिशोबाने पाच मिनिटंसुद्धा नाहीत. आणि आत जायला दहा मिनिटं लागली असतील तर बाहेर यायला पाच कशी पुरणार? म्हणून नियम असा की व्हिसल वाजायच्या आत बाहेर असायचं, व्हिसल वाजल्यावर निघायचं नाही. अमेरिकन सेटमध्येही ही वॉर्निंग आधी २५ टक्क्यांवर होती, २०१३ च्या स्टँडर्डमध्ये ती ३३ टक्क्यांवर नेली, कारण हेच.

आत जाताना आपली टॅली (नावाचा टॅग) दारावरच्या एन्ट्री कंट्रोलला द्यायची, तिथला माणूस बोर्डवर नाव, प्रेशर, आत गेल्याची वेळ लिहितो आणि बाहेर यायची वेळ काढतो. सुरुवातीला वाटलं काय हा कारकुनी प्रकार. मग अंधाऱ्या स्मोक चेंबरमध्ये गेल्यावर कळतं की बाहेर कोणीतरी घड्याळ बघत बसलंय याचा केवढा आधार असतो. आत भिंत सोडायची नाही, पाय घासत पुढे टाकायचे, हाताची मागची बाजू पुढे करून चाचपायचं. मागची का, तर करंट असलेल्या वायरला तळवा लागला तर मूठ आवळली जाते आणि वायर सुटत नाही. असल्या गोष्टी पुस्तकात एका ओळीत असतात, इथे सर मागे उभे राहून दहादा सांगतात.

वायरच्या जाळ्यात अडकवायचं ड्रिल पण आहे. तिथे एक मुलगा पॅनिक झाला, मास्क ओढायला लागला, इन्स्ट्रक्टरने क्षणात ड्रिल बंद करून लाइट लावले, बाहेर आणला, पाणी दिलं, ओरडलं कोणीच नाही. नंतर तोच मुलगा हळूहळू पुन्हा जाऊन पास झाला. सेटवर एक अलार्म असतो, तुम्ही साधारण ३० सेकंद हलला नाहीत की तो किंचाळायला लागतो, त्याआधी सावध करणारी छोटी टुणटुण. उभ्या उभ्या ब्रीफिंग ऐकताना सगळ्यांचे वाजायचे आणि सगळे एकदम कुल्ले हलवायचे, बाहेरून बघणाऱ्याला आम्ही नाचतोय असंच वाटलं असणार. आणि मेडे, म्हणजे जीव धोक्यात असल्याची हाक, द्यायची सवय, रेडिओवर न अडखळता सांगायचं: कुठे आहे, कुठली टीम, नाव काय, काय काम चाललेलं, हवा किती, मदत काय पाहिजे. मेडे द्यायला लाज वाटते लोकांना, शेवटपर्यंत वाट बघतात, म्हणून हे वारंवार करून घेतात.

लॅडर, होज, नॉट्स ठीक. लॅडर ७५ अंशात, बोलाइन आणि क्लोव्ह हिच या गाठी डोळे बांधून, ब्रांच (होजच्या टोकाचा नोझल) सुरू करताना हळू. नीट शिकवतात, वेगळं लिहिण्यासारखं काही नाही. फिटनेस टेस्टसाठी आधीपासून तयारी करा एवढंच. सीपॅट नावाची जी टेस्ट अमेरिका-कॅनडात चालते तिच्या धर्तीवर आमची होती. मूळ टेस्टमध्ये आठ प्रकार १० मिनिटं २० सेकंदांत, अंगावर पूर्णवेळ जवळपास २३ किलोचा जॅकेट, आणि पहिल्याच जिन्याच्या मशीनवर त्यात अजून ११ किलो. जिम करणारे भले भले जिन्यावरच संपले. दम लागतो तो पायात आणि छातीत, दंडाचा काही उपयोग नाही.

आता हॉट फायर. खरी आग, खरी इमारत. इथे फालतू सेंटर असेल तर जीव जाऊ शकतो, हे अजिबात वाढवून सांगत नाहीये. १९८२ मध्ये अमेरिकेत कोलोरॅडोतल्या बोल्डरला ट्रेनिंगच्याच आगीत दोन फायरफायटर गेले, त्यानंतर १९८६ मध्ये लाइव्ह फायर ट्रेनिंगचं स्टँडर्ड आलं, एनएफपीए १४०३ (एनएफपीए म्हणजे आगीच्या सुरक्षेची स्टँडर्ड काढणारी अमेरिकन संस्था). तरीही २००१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या लेअर्ड्सव्हिलला एका नवख्या, १९ वर्षांच्या मुलाला अडकलेला माणूस म्हणून वरच्या मजल्यावर ठेवलं, खाली फोमचा सोफा-बेड पेटला, तो मुलगा वाचला नाही, आणि ट्रेनिंग घेणाऱ्या अधिकाऱ्यावर फौजदारी गुन्हा सिद्ध झाला. त्यामुळे आता साधं विचारा सेंटरला: आत जिवंत माणूस ठेवता का? उत्तर ठाम नाही असंच पाहिजे, डमीच. जाळता काय? साधं लाकूड, गवत, किंवा गॅसचा सिम्युलेटर असेल तर ठीक, फोम, टायर, रंगवलेलं लाकूड, पेट्रोल असलं काही ऐकलं तर बॅग उचला. एका इन्स्ट्रक्टरमागे पाचच्या वर पोरं नकोत, वेगळा सेफ्टी ऑफिसर पाहिजे, आणि आग लावायच्या आधी सगळ्यांना इमारतीतून फिरवून बाहेर पडायचे रस्ते दाखवलेच पाहिजेत.

आमच्याकडे हे सगळं झालं. सगळे सूट घालून घामाघूम, आणि सरांनी पेटवू दिलं नाही. कारण काय तर दुसरा पंप प्रेशर धरत नव्हता. आत जाणाऱ्या होज लाइनचं पाणी एका सोर्सवरून आणि बॅकअप लाइनचं दुसऱ्या सोर्सवरून असलं पाहिजे, एक बंद पडलं तर दुसरं हवं. कोणीतरी म्हणालं सर एका पंपावर होऊन जाईल, छोटीच आग आहे. सर काही बोलले नाहीत, खुर्ची घेतली आणि पंपासमोर जाऊन बसले. दुसरा पंप आला, चेक झाला, मग काडी लागली. तोपर्यंत ऊन डोक्यावर आलेलं आणि सगळे मनातल्या मनात शिव्या देत होते, मीसुद्धा.

आतला अनुभव काय सांगू. गुडघ्यावर असताना ठीक वाटतं, डोकं जरा वर केलं की कान चटकतात. आणि पाणी जास्त मारलं की आपणच भाजतो, कारण पाण्याची वाफ झाली की ती साधारण १७०० पट जागा घेते आणि खाली आपल्याच अंगावर येते. ब्रांचची छोटी छोटी फवारणी का ते तिथे अंगाला कळतं. बाहेर आल्यावर सूट उघडून बसवतात, पाणी, बीपी, पल्स, आणि आकडे खाली आल्याशिवाय परत आत नाही. अमेरिकेत ड्यूटीवरच्या फायरफायटरच्या मृत्यूंत वर्षानुवर्षं सगळ्यात मोठं कारण हार्टचं आहे, भाजणं नाही, त्यामुळे हा भाग टाइमपास समजू नका.

इथे माझी दुसरी तक्रार. आगीनंतर सूट तिथेच ब्रश आणि पाण्याने धुवून घेतले, छान, पण डोक्यावर घालायचे हूड मात्र नुसते दोरीवर टाकले आणि पुढच्या बॅचला दिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०२२ मध्ये फायरफायटरच्या कामालाच ग्रुप १ मध्ये टाकलंय, म्हणजे कॅन्सर होतो याचा पुरेसा पुरावा आहे. मान आणि जबडा झाकणारा हूडच काजळीने भरलेला असेल तर सगळी मेहनत पाण्यात. ऑफिसमध्ये बोलले, बघतो म्हणाले. स्वतःचा हूड घेऊन जा सरळ.

सर्टिफिकेटचं नीट समजून घ्या, इथे बरेच जण फसतात. कोर्स पूर्ण केल्याचा कागद वेगळा आणि सर्टिफिकेशन वेगळं. पहिला म्हणजे हा माणूस वर्गात बसला होता. दुसऱ्यात परीक्षा असते, लेखी आणि प्रत्येक स्किलची प्रत्यक्ष, आणि शिकवणाराच परीक्षक नसला तर उत्तम. एनएफपीएमध्ये फायरफायटर १ आणि २ अशा दोन लेव्हल आहेत, पूर्वी १००१ नंबरचं स्टँडर्ड होतं, आता ते १०१० मध्ये घेतलंय. लेव्हल १ वाला कोणाच्या तरी थेट नजरेखाली काम करतो, लेव्हल २ वाल्याला जरा मोकळीक. बाहेरच्या देशात चालावं असं वाटत असेल तर प्रो बोर्ड किंवा इफ्सॅक या सर्टिफिकेशनला मान्यता देणाऱ्या संस्थांची मान्यता आहे का ते त्यांच्याच साइटवर जाऊन बघा, ब्रोशरवरच्या लोगोवर जाऊ नका. आणि नोकरीचे नियम जिथे भरती त्या सर्व्हिसचे, उंची, वय, मेडिकल सगळं, ते कुठलंही सेंटर बदलू शकत नाही, कोणी गॅरंटी देत असेल तर पळा. आमच्या सेंटरने हे पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, त्याबद्दल मार्क.

जाणार असाल तर मेडिकल आधी करून घ्या, ऐनवेळी ईसीजीसाठी धावणाऱ्यांचे दिवस वाया गेले. आतून फक्त कॉटन घाला, सिंथेटिक टीशर्ट उष्णतेने वितळून कातडीला चिकटतो. केस लांब असतील तर खाली घट्ट बांधा, वर अंबाडा घातला की हेल्मेट बसत नाही. आणि स्मॉल मास्क लागत असेल तर नाव नोंदवतानाच सांगून ठेवा, लेखी.